एका गाजराला एक ताट

राणीसावरगावात घोड्यांची लांब पल्ल्याची दौड भरवायची असं बन्सीधररावांनी ठरवलं, तेव्हा त्यांनी शिवरुद्र आप्पांना फोन करून एकच प्रश्न विचारला. गावात माणसांची वर्दळ सगळ्यात कमी कोणत्या दिवशी असते?

आप्पा आपल्या किराणा दुकानात शेंगदाणे निवडत बसले होते. त्यांनी लगेच सांगितलं, "येळवशीला. त्या दिवशी गावात चिटपाखरू दिसायचं न्हाई."

बन्सीधरराव पिंगळीचे. तिकडे वेळ अमावस्या कॅलेंडरात असते, पण घराला कुलूप लावण्याइतकी नसते. त्यांनी ती तारीख पक्की केली. घोड्यांच्या खुरांना डांबर नको म्हणून सगळा मार्ग शेतांमधल्या गाडीवाटांनी आखला. गावातली माणसं त्या दिवशी जातात तरी कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर आप्पांनी तेही सांगितलं असतं. माणसं शेतात जातात.

ज्यांनी आमच्याकडची येळवस पाहिली नाही, त्यांना थोडं सांगायला हवं. मार्गशीर्षातली ही अमावस्या. ज्वारी छातीला लागलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. सगळं गाव शेतात जाऊन कडब्याची खोप करतं, तिच्यात पूजा मांडतं आणि मग जेवतं. बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर, मडकंभर आंबील आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे कढईत तळलेली कांदाभजी नव्हे. त्या दिवसांत रानात जे जे कोवळं मिळेल ते बेसनात आणि चिंचेच्या पाण्यात एकत्र शिजवायचं. हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, तुरीचे दाणे, मेथी, बोरं आणि भरपूर गाजर. या दिवसाचा एक नियमही आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला कुणी पाहिलेला नाही. बांधावरून माणूस चालला, ओळखीचा असो की नसो, त्याला हाक मारायची; आणि त्याने जेवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

अशा दिवशी, अशा शेतांमधून, बन्सीधररावांनी घोडे सोडले.

त्या घोड्यांत एक बुटकी, तांबूस घोडी होती. तिचं नाव पाखरी. तिच्यावर बसली होती आप्पांची नात ईश्वरी. ती दहावीत होती आणि तिला पाखरी हवी होती. बसायला नव्हे, कायमची.

पाखरी खरं तर दत्तरावांची. दत्तराव आणि त्यांची बायको म्हाळसाबाई मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात. दरवर्षी हिवाळ्यात त्यांचा कळप खतासाठी आप्पांच्या शेतात बसतो. पाखरीच्या पाठीवर त्यांचं सगळं बिऱ्हाड असतं. तवा, परात, वाकळ, आणि वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. मागच्या हिवाळ्यात पाखरीच्या खुरात काच गेली, म्हणून दत्तरावांनी तिला आप्पांच्या गोठ्यात ठेवलं आणि बिऱ्हाड डोक्यावर घेऊन ते कळपाबरोबर पुढे गेले. ईश्वरीने खूर धुतला, औषध लावलं, घोडीला चालवलं, मग पळवलं. वर्षभरात दोघींची इतकी गट्टी जमली, की शाळा सुटायच्या वेळी पाखरी गोठ्याच्या दारावर हनुवटी टेकवून उभी राहायची.

आता दत्तराव परत आले होते. घोडी मागायला त्यांना जड जात होतं आणि घोडी सोडायला ईश्वरीला. तीनचार दिवस कुणीच तो विषय काढला नाही. शेवटी दौडीचं पत्रक बघून दत्तरावच म्हणाले, "ईसरे, पाखरीनं ही दौड धड पायानं आन धड पोटानं पुरी केली, तर ती तुपली. न्हाई केली तर दुसऱ्या दिशी सकाळी ती मपल्या कळपाबरोबर."

"धड पोटानं म्हंजे?" ईश्वरीने विचारलं.

"म्हंजे डॉक्टरीणबाई पास म्हनली पायजे."

लांब पल्ल्याच्या दौडीत नुसता पहिला नंबर काढून भागत नाही. घोडं किती वेगाने आलं याच्याआधी ते कसं आलं हे बघतात. दमून, लंगडत पहिलं आलेलं घोडं बाद होतं आणि सावकाश येऊन टवटवीत राहिलेलं घोडं पास होतं. म्हणून मध्ये आणि शेवटी तपासणी असते. इथे वीस वीस किलोमीटरच्या दोन फेऱ्या होत्या आणि तपासणी बाजाराच्या मैदानावर, कडुनिंबाखाली. तपासायला डॉक्टर सुकेशनी आल्या होत्या. गंगाखेडपासून इकडच्या सगळ्या जनावरांना त्यांचा हात ओळखीचा होता.

पहिली फेरी सकाळची. तेव्हा माणसं शेतात जाऊन पूजा मांडण्यात गुंतलेली होती. घोडे बिनघोर पळाले. बन्सीधरराव खुशीत होते.

"आप्पा, तुमचं खरं निघालं बरं का," ते म्हणाले. "रस्त्यात कुत्रंसुदिक न्हाई."

"दुपार होऊ द्या," आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी पाखरीच्या डाव्या कोपराच्या मागे नळी टेकवून ठोके मोजले. मिनिटाला चौसष्टाच्या आत यावे लागतात. ते आरामात आले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती बसायला जरा वेळ लागला. मग त्यांनी पोटाला नळी लावली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. घोड्याचं पोट कधी गप्प नसतं. आत सारखं काहीतरी घरंगळत असतं, गुडगुडत असतं. ते गप्प झालं की समजायचं, पाणी कमी पडतंय.

"पाणी प्यालीय का ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तोंडसुदिक लावलं न्हाई," ईश्वरी म्हणाली. मैदानात निळ्या पिंपात पाणी भरून ठेवलं होतं. पाखरीने ते एकदा हुंगलं होतं आणि मान फिरवली होती.

दत्तराव दोरीच्या पलीकडे उभे होते. ते म्हणाले, "ती एकटी पाणी पीत न्हाई, बाई. जन्मभर कळपाबरोबर प्यालेली. गोठ्यात गुरं तरी होती बाजूला, हितं मेंढरं लागतेत."

"मग एक मेंढी आणा की," आप्पा म्हणाले.

"आप्पा, नियमात मेंढरू बसत न्हाई," बन्सीधरराव म्हणाले.

"बसवा की. लहानशी आणतो."

डॉक्टर सुकेशनी हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "ईश्वरी, गाजरं आहेत का तुझ्याकडे?"

"पिशवीभर हायेत."

"मग ती पुढच्या फेरीत वाटेत दे. गाजरात बहुतेक पाणीच असतं आणि पोटही चाळवतं. एकदम ढीग टाकू नको. थांबून थांबून, एकेक. आणि गोल चकत्या करायच्या नाहीत. चकती घाईत गिळली तर घशात बुचासारखी बसते. उभी फाक करायची, बोटासारखी. कळलं?"

"कळलं."

"शेवटच्या तपासणीला पोट असंच गप्प असलं तर मी पास करणार नाही. तू कितीही रडलीस तरी."

"मी रडत नसते."

"बरं आहे मग."

दत्तरावांनी हे सगळं ऐकलं. त्यांनी खांद्यावरची घोंगडी उजवीकडून डावीकडे घेतली, मग पुन्हा उजवीकडे.

दुसरी फेरी निघाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि पूजा आटोपल्या होत्या. ईश्वरीच्या खांद्याला गाजरांची पिशवी होती. पहिलं शेत केशरबाईंचं. केशरबाई ईश्वरीच्या आईची मैत्रीण. त्या बांधावरच उभ्या होत्या.

"ईसरे, उपाशी कुठं जायलीस?"

"मावशी, दौड हाय."

"दौड काय पळून जायलीय का? एक उंडा खा आन जा."

ईश्वरीने विचार केला, नाही तरी पाखरीला थांबवून गाजर द्यायचंच आहे. ती उतरली, घोडी बाभळीला बांधली, पिशवी खोपीच्या मेढीला अडकवली आणि पंगतीत बसली. एक उंडा म्हणता म्हणता त्यावर भज्जी आली, भज्जीवर भात आला, भातावर पुन्हा भज्जी आली. ती हात धुऊन उठली तेव्हा मेढीवरची पिशवी रिकामी लोंबत होती.

"मावशी, ह्यातली गाजरं?"

"चिरली की," केशरबाई म्हणाल्या. "लय बरी आणलीस माय. पाव्हणे वाढले, दुसरा हंडा चढवला, आन गाजरच कमी पडायलं होतं."

"मावशी, ती पाखरीची होती."

केशरबाईंनी घोडीकडे पाहिलं, मग हंड्याकडे. हंडा रटरटत होता आणि गाजराच्या गोल गोल चकत्या वर येऊन खाली जात होत्या.

"आता मिरची पडली," त्या म्हणाल्या. "धुऊन देऊ का?"

त्यांनी खरंच पळीभर चकत्या काढल्या, पाण्यात विसळल्या आणि पाखरीपुढे धरल्या. पाखरीने हुंगलं आणि केशरबाईंच्या पदरावर मोठ्याने शिंकली. पंगतीतले सगळे हसले. ईश्वरीलाही हसू आलं, पण तिने रिकामी पिशवी पुन्हा एकदा उलटी करून झटकली.

"कच्ची गाजरं कुणाकडं असतील, मावशी?"

"आज? आज सगळ्या शिवाराची गाजरं हंड्यात, माय. तरी पुढं इचारत जा. कुणाच्या टोपल्यात एखादं राहिलंच आसंल."

ईश्वरी निघाली. पुढच्या शेतात एका म्हाताऱ्या काकूंकडे पूजेपुढे ठेवलेलं एक गाजर होतं. लांब, जाडजूड, हळदीकुंकू लावलेलं.

"पूजा झालीय. घेऊन जा," काकू म्हणाल्या. "पण आदी ताटावर बस."

"काकू, आत्ताच केशरमावशीकडं जेवले."

"तिच्याकडं जेवलीस आन माझ्याकडून उपाशी जाणार? तुझी आई मला काय म्हणंल?"

ईश्वरी बसली. जेवली. गाजर धुतलं, विळ्यावर उभं फाडलं आणि एकेक फाक पाखरीला दिली. पाखरीने डोळे मिटून कडकड चावली. तिच्या ओठांवरून केशरी लाळ गळाली. ईश्वरीने तिच्या पोटाला कान लावला. आत कुठे तरी, लांबवर, एक हलकंसं गुडगुडलं.

मग ती थांबली नाही. म्हणजे प्रत्येक शेतात थांबली. एका गाजराला एक ताट, असा त्या दुपारी भावच ठरून गेला. तिसऱ्या शेतात धपाटे खाल्ले आणि आखूड गाजर मिळालं. चौथ्या शेतात गाजराचा नुसता शेंडा होता, त्यासाठी दोन पोळ्या खाव्या लागल्या. पुढे एका वहिनींशी तिने घासाघीस करून पाहिली.

"वहिनी, नुसत्या आंबिलीवर भागवा की."

"आंबिलीवर अर्धंच गाजर येतंय," वहिनी म्हणाल्या. "पुरं पाहिजे तर खीर खा."

ईश्वरीने खीर खाल्ली.

आता ती एकटीच अडकली होती असं नाही. गाडीवाटेने जो जो घोडेस्वार आला त्याला हाक गेली. शहरातल्या स्वारांनी आधी हात जोडले, मग घड्याळं दाखवली, मग बसले. एका चिंचेच्या फांदीला चार हेल्मेटं ओळीने टांगलेली होती आणि खाली चार स्वार उंड्यावर तेल घालून घेत होते. मैदानावर बन्सीधरराव फोन करून करून घामाघूम झाले.

"तुम्ही आहात कुठे?"

"जेवायलोय," पलीकडून उत्तर आलं. सकाळी हाच माणूस अगदी पुस्तकी बोलत होता.

"आणि तुमच्या पुढचा घोडा?"

"त्यो झोपलाय. घोडा न्हाई, माणूस."

शेवटी बन्सीधरराव स्वतः मोटारसायकल काढून स्वारांना हाकायला निघाले. केशरबाईंच्या बांधाजवळ मोटारसायकलचा आवाज बंद पडला. अर्ध्या तासाने तिथून ईश्वरीच्या फोनवर त्यांचा फोन आला. "पोरी, तू तरी पुढे जा. मला इथं ताक प्यायला बसवलंय."

शेवटचं शेत आश्रुबातात्यांचं. विहिरीजवळ त्यांचा भाजीचा वाफा होता, आणि त्या वाफ्यात गाजराची हिरवी झालर अजून जमिनीतच डुलत होती. ईश्वरीने ते पाहिलं आणि घोडीच्या मानेला मिठी मारली.

"तात्या, चार गाजरं उपटू का?"

"चार कामून? लागंल तेवढी घे."

"पण तात्या, मी जेवणार न्हाई. खरंच जागा न्हाई. आत्ता घोडीवरून उतरताना मला वाटलं मी फुटतेच."

आश्रुबातात्या हसले. "बरोबर हाय. किती खाशील." मग ते खोपीकडे वळले. खोपीत एक ताट वाढलेलं होतं आणि त्यावर पळसाचं पान झाकलं होतं. तात्यांचा मुलगा पुण्याला कामाला होता. या वर्षी त्याला सुट्टी मिळाली नव्हती. सकाळी घोडे बांधावरून पळत गेले होते, पण या आडबाजूच्या शेतात जेवायला कुणी पाव्हणा थांबला नव्हता.

ईश्वरीने कंबरेचा पट्टा एक भोक सैल केला.

"तात्या," ती म्हणाली, "थोडंच वाढा."

तात्यांनी थोडंच वाढलं, म्हणजे ताट भरून वाढलं. ती हळूहळू जेवली. तात्या समोर बसून खीर कशी झालीय ते विचारत राहिले. तिने खरं तेच सांगितलं, की गूळ जरा कमी पडलाय. तात्या खूश झाले. "तुझी आजी असती तर तिनंबी हेच काढलं असतं," ते म्हणाले.

मग दोघांनी गाजरं उपटली. ती मातीने माखलेली होती, म्हणून ईश्वरीने ती विहिरीच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात टाकली. गाजरं पाण्यात हलायला लागली. पाखरीने मान खाली घातली, एक गाजर ओठाने धरायला गेली, ते निसटलं. ती पुन्हा गेली, ते पुन्हा निसटलं. तिने नाकापर्यंत तोंड बुडवलं आणि गाजर धरता धरता तोंडभर पाणी ओढलं. मग थांबली. काहीतरी नवीनच कळल्यासारखी तिने कान पुढे केले आणि गाजर राहिलं बाजूला, सरळ पाणीच प्यायला लागली. तिच्या गळ्यातून एकेक घोट खाली जाताना दिसत होता.

ईश्वरी आणि आश्रुबातात्या श्वास रोखून बघत होते.

"तात्या, बोलू नका."

"मी कुठं बोलायलोय. तूच बोलायलीस."

घमेलं रिकामं झालं. तळाशी गाजरं तेवढी उरली. ईश्वरीने ती काढली, उभी चिरली, त्यातली थोडी पाखरीला दिली आणि घमेलं पुन्हा भरलं. पाखरी पुन्हा प्यायली. ईश्वरीला नाचावंसं वाटत होतं, पण नाचण्याजोगं पोट राहिलं नव्हतं. घोडीवर चढताना तात्यांची बैलगाडी पायरीसारखी वापरावी लागली, आणि तात्यांनी खालून ढकललं.

मैदानावर तोवर गर्दी झाली होती. जेवणं उरकून लोक दौडीचा शेवट बघायला आले होते आणि जिथे सावली मिळेल तिथे पसरले होते. पाखरी सावकाश, ऐटीत आली. तिच्या पाठीवर ईश्वरी दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती.

डॉक्टर सुकेशनींनी ठोके मोजले. मिनिटाला छप्पन्न. मानेची कातडी सोडताक्षणी सपाट झाली. मग त्यांनी पोटाला नळी लावली आणि भुवया उंचावल्या. त्यांनी नळी काढून ईश्वरीच्या कानांत घातली.

"ऐक."

ईश्वरीने ऐकलं. आत कुणीतरी भला मोठा हंडा ढवळत होतं. मध्येच गाडी उतारावरून जावी तसा गडगडाट व्हायचा, मग बुडबुड, मग पुन्हा गडगडाट. तिला हसू आवरेना. हसल्यावर पोट दुखायचं, म्हणून ती हसत हसत कण्हत होती.

"पास?" तिने विचारलं.

"अजून एक राहिलं. हिला दुडकी चालवून दाखव. त्या खांबापर्यंत जायचं आणि परत यायचं. लंगडत नाही ना ते बघते. तू शेजारून पळायचं."

ईश्वरीचा चेहरा उतरला. तिने लगाम धरला आणि पळायला सुरुवात केली. पाचसहा पावलं गेली आणि कंबरेत वाकून उभी राहिली. पाखरीही तिच्याशेजारी उभी राहिली आणि काळजीने तिचे केस हुंगू लागली. ईश्वरीने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी त्याहूनही कमी पावलं झाली.

"घोडी ठीक आहे, पण स्वाराचं काही खरं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मला घोडी पळताना दिसलीच पाहिजे. नाही तर कागदावर पास कशी लिहू?"

"दुसऱ्या कुणी पळवली तर चालतंय," बन्सीधरराव म्हणाले. ते नुकतेच परतले होते आणि त्यांच्या मिशीला ताक होतं. "नियमात बसतं ते."

"मी पळवतो," आप्पा म्हणाले. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि निघाले. पाखरी त्यांच्याशेजारून अदबीने चालत गेली, कारण आप्पाही चालतच होते. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "भात जरा जड झालाय," आणि खाली बसले.

मग हाका सुरू झाल्या. कुणी तरी पळा. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एक तगडा गडी उठला, ढेकर दिला आणि पुन्हा बसला. चिंचेखालचे चार स्वार आले होते, पण त्यांना स्वतःचेच घोडे पळवता येत नव्हते. येळवशीच्या दुपारी त्या मैदानावर पळू शकेल असं एकही पोट नव्हतं.

"तपासणीचा वेळ संपत आलाय," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

दत्तराव दोरीपलीकडे उभे होते. म्हाळसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमी काय बघायलाव?"

"काय न्हाई."

"तुमी कुठं जेवलाव सकाळपून? केशरबाई दोनदा बोलवायला आली, तुमी गेलाव न्हाई. पोटात काय हाय तुमच्या?"

"भूक न्हाई मला."

"मला ठाऊक हाय कामून न्हाई. घोडी जाती का राहती, ह्या काळजीनं. तुमी न पळता उभं राहिलाव, तर ती मपलीच. मंग उभं राहा. उद्या सकाळी तिच्यावर परात लादू आन निघू."

दत्तराव पाखरीकडे बघत राहिले. पाखरीने त्यांना पाहिलं आणि एक पाय आपटला. ईश्वरी मान खाली घालून उभी होती. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. मागायची तिची हिंमत नव्हती, आणि हे दत्तरावांना दिसत होतं.

त्यांनी घोंगडी काढून म्हाळसाबाईंच्या हातात दिली. दोरी ओलांडली. ईश्वरीच्या हातातून लगाम घेतला.

"सरक, ईसरे," ते म्हणाले आणि पळाले.

मेंढरांमागे जन्मभर पळालेला माणूस होता तो. पाय हलके, उपाशी पोट, पटका मागे उडतोय. जिभेने त्यांनी एक लांब हुर्रर्र काढलं. कळप वळवताना काढतात तसं. पाखरीने ते ऐकलं आणि तिची मान वर गेली. चारही पाय नगाऱ्यावर टिपरू पडावं तसे एका लयीत पडू लागले. खांबापर्यंत गेले. दत्तराव वळले, पाखरी वळली आणि ते परत आले. खांबाला वळसा घातल्यावर खरं तर सावकाश आलं तरी चाललं असतं. पण दोघंही तितक्याच जोराने आले, आणि दत्तराव तोंडभर हसत होते. जमिनीवर पसरलेली माणसं उठून बसली. कुणी तरी शिट्टी घातली.

डॉक्टर सुकेशनींनी कागदावर लिहिलं आणि मान डोलावली. "पास."

दत्तरावांनी लगाम ईश्वरीच्या हातात दिला. त्यांना धाप लागली होती.

"मामा," ईश्वरी म्हणाली. सकाळी डॉक्टरांना सांगितलेलं सगळं विसरून ती रडायला लागली.

"रडू नको. पोट दुखंल," दत्तराव म्हणाले.

"आता मपली परात कुणाच्या पाठीवर लादू?" म्हाळसाबाईंनी विचारलं. "तुमच्या?"

"लाद," दत्तराव म्हणाले. "पण आदी काय तरी खायला दे. लय भूक लागलीय."

मग काय विचारता. मैदानावर ज्याच्या ज्याच्या टोपल्यात काही उरलं होतं, ते सगळं दत्तरावांपुढे आलं. इतक्या माणसांत अजून जेवायचा राहिलेला हा एकच पाव्हणा सापडला होता आणि त्याला कुणी सोडायला तयार नव्हतं. त्यांनी उंडे खाल्ले, भज्जी खाल्ली, भात खाल्ला, आश्रुबातात्यांनी मडक्यात आणलेली खीर संपवली. ईश्वरी शेजारी बसून वाढत होती आणि पाखरी तिच्या मागे उभी राहून शेपटीने माशा हाकत होती.

दिवस कलला तशी म्हाळसाबाईंनी घोंगडी झटकली. "उठा आता. मेंढरं वाट बघायलीत. सकाळी निघायचं हाय."

दत्तरावांनी उठायचा प्रयत्न केला. एक हात जमिनीवर टेकला, दुसरा ईश्वरीच्या खांद्यावर ठेवला, आणि मग दोन्ही हात काढून घेऊन पुन्हा होते तसे बसले.

"उद्या जमत न्हाई," ते म्हणाले. "परवा बघू."